विरोध नोंदवून घ्यावा

सकाळी पावणेआठला टिपणीससाहेब कार्यालय उघडतात,
स्वतः. किल्ली माझ्याकडे नसते.
एकोणीस वर्षं झाली, मी फक्त टाइप करतो.
पंखा एकच लावायचा. दुसरा, माणसं सात झाली की.
जुन्या विषयपत्रिकांची पाठकोरी पानं
कापून, भोक पाडून, सुतळीत ओवलेली:
कच्चं लिखाण त्याच्यावर.

चेंदणीच्या हेमलता नाखवांना बर्फाच्या पेट्या ठेवायला
मार्केटात हातभर जागा हवी.
हसीजांच्या गिरणीसमोरचं गटार तिसऱ्यांदा तुंबलंय.
एका मुलाला रहिवासाचा दाखला,
त्याच्या आईला फक्त बसायला खुर्ची.
साहेब आधी पाणी देतात, मग विचारतात,
"घरपट्टी भरलीत?"
नसेल भरली तरी काम होतं.
पण विचारतात.

स्वतःची ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरतात, रांगेत.
खिडकीतला कारकून उठून उभा राहिला तर चिडतात.
घरी पत्र्याच्या पेटीत अठ्ठावन्न सालापासूनच्या पावत्या,
आधी वडिलांच्या, मग यांच्या.
वडिलांचं जांभळी नाक्याला बारदानाचं दुकान होतं.
"जकातीच्या चौकीवर बापाला हात जोडताना पाहिलंय मी."
इतकंच. पुढचं कधी टाइप करायला दिलं नाही.

फेब्रुवारीत अंदाजपत्रक येतं, उशीएवढं.
तीन रात्री ते, एक पट्टी आणि लाल पेन्सिल.
मग महासभेत उभे राहतात, चष्मा कपाळावर:
"वृक्षकर घेता. आमच्या इमारतीत झाड म्हणाल तर
गच्चीच्या भेगेतला पिंपळ.
तोही आम्ही लावला नाही, कावळ्यानं लावला."
सभागृह हसतं. मी वर गॅलरीत, ओठ हलवत;
भाषण माझंच टाइप केलेलं.
"गळकी घागर घेऊन नळावर येता
आणि नळालाच दटावता?"
पुढे "अंथरूण पाहून" म्हणू लागले
की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास,
"साहेब, अंथरूणच नाही!"

अठरा वर्षं हरले.
अठरा वर्षं शेवटचं वाक्य एकच, खाली बसता बसता:
"माझा विरोध नोंदवून घ्यावा."
नोंदवला जायचा. दरवाढ व्हायची. चहा यायचा.

यंदा विषय क्रमांक एकोणचाळीस, नऊ टक्के.
निवडणूक तोंडावर. हात वर गेले, मोजले,
पुन्हा मोजले.
दरवाढ पडली.
साहेब उभेच. शेवटचं वाक्य तोंडात तसंच राहिलेलं.
कुणीतरी पेढा भरवला, तेव्हा कुठे बसले.

जूनच्या आधी पत्र आलं.
गिरणीसमोरची मलवाहिनी बदलणे:
निधीअभावी तूर्त शक्य नाही.
खाली सही, वळणदार, कुणाचाच राग नसलेली.

हसीजा समोरच बसले होते, कोपरापर्यंत पांढरे.
हिशेब त्यांनी बोटांवर केला:
"नऊ टक्के म्हणजे मला वर्षाला चारशे रुपये पडले असते, साईं.
दिले असते मी."
मी टाइपरायटरवरून हात काढले.
साहेब म्हणाले, "तुम्ही दिले असते.
तुमच्या वरच्या मजल्यावरची म्हातारी?"
हसीजा गप्प. साहेबही.
रस्त्यावरून गटाराचा वास आत आला,
कुणाला न विचारता.

मग त्यांनी ते पत्र उलटं केलं.
पाठकोरं होतं.
भोक पाडून सुतळीत ओवलं आणि लिहायला घेतलं:
कारंजाची दुरुस्ती, अठरा लाख. पडदे, साडेचार लाख.
दोन्ही थांबवा, नळ्या घाला.
शिसाचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल काढली.
त्या दिवशी नंतर नऊ माणसं आली.
दुसरा पंखा लागला नाही,
आणि घरपट्टीचं त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेआठ. कुलूप निघालं.
दारात मी एकटाच.
पाण्याचा पेला पुढे केला, माझ्याकडे पाहिलं,
"घरपट्टी भरलीत?"

एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा.
भरली होती.
तरी मी खिसे चाचपत राहिलो.